शेततळ्याच्या चार कोपऱ्यांतली कोटी

इंदापूर तालुक्यातल्या कळस भागात शेततळं काढायचं ठरलं की घरात चार हिशेब एकदम सुरू होतात आणि चारही वेगळ्या मापात चालतात. पोकलेन ट्रेलरवर घालून शेतात आणून सोडायचं भाडं एकरकमी, मग तळं केवढंही असो. भोवतीचं तारेचं कुंपण रनिंग मीटरवर नाहीतर फुटावर. आत अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद चौरस मीटरवर. आणि निघालेला मुरूम ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. तारेचं माप कुणी गुंठ्यात सांगत नाही, मुरमाचा ढीग कुणी रनिंग फुटात मोजत नाही. शाळेत फारसं न गेलेला माणूससुद्धा यात चुकत नाही.

याच घरातलं मूल नववीत जातं आणि बालभारतीच्या गणित भाग १ मध्ये ‘बहुपदी’ नावाच्या प्रकरणाशी अडखळतं. ‘बहुपदीतील चलाचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे तिची कोटी’ हे वाक्य पाठ होतं, परीक्षेत एक गुण मिळतो आणि विषय मिटतो. सर्वांत मोठा घातांकच का बघायचा, बाकीच्या पदांनी काय घोडं मारलंय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते या प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे, आणि त्याचं उत्तर शेततळ्यात आहे.

राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तिच्यातलं सर्वांत मोठं माप ३० × ३० × ३ मीटर. ऐकणारा मनात गुणाकार करतो: तीस गुणिले तीस गुणिले तीन, म्हणजे २,७०० घनमीटर पाणी. प्रत्यक्षात तेवढं मावत नाही. शेततळ्याच्या कडा विहिरीसारख्या उभ्या ठेवल्या तर त्या ढासळतील, म्हणून त्यांना उतार देतात. उतार एकास एक धरला तर एक मीटर खाली जाताना प्रत्येक कड एक मीटर आत येते. तीन मीटर खाली पोचेपर्यंत बाजू दोन्हीकडून तीन-तीन मीटर आत सरकते आणि ३० ची २४ मीटर उरते. तोंड ३० × ३०, तळ २४ × २४.

आता तळापासून पाणी क्ष मीटर चढलंय असं धरू. पुस्तकात इथे ‘एक्स’ असतो, पण जुन्या मराठी बीजगणितातला क्ष कामाला तितकाच चोख आहे. पाऊस पडला की क्ष वाढतो, डाळिंबाला पाणी सोडलं की उतरतो. बदलत राहतो म्हणून तो चल. तळाची २४ मीटरची बाजू मात्र एकदा खणली की कायमची.

क्ष मीटर उंचीपर्यंतचं पाणी किती, हे काढायला पाण्याचे मनातल्या मनात तुकडे करायचे. पहिला तुकडा मधला: तळाच्या बरोबर वर उभा राहिलेला ठोकळा. त्याचं घनफळ २४ × २४ × क्ष, म्हणजे ५७६क्ष. दुसरा प्रकार चार बाजूंच्या उतारावर पडलेल्या पाण्याचा. एकेक तुकडा पाचरीसारखा आहे. आडवा कापला तर त्रिकोण दिसतो, ज्याचा पाया क्ष आणि उंचीही क्ष, कारण उतार एकास एक. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा क्ष², पाचरीची लांबी २४, म्हणून एका पाचरीचं घनफळ १२क्ष² आणि चार पाचरींचं ४८क्ष². राहिले चार कोपरे, जिथे दोन उतार एकमेकांना भेटतात. तिथल्या पाण्याचा आकार उलट्या पिरॅमिडचा आहे. वरचा चौकोन क्ष × क्ष, उंची क्ष, टोक तळाच्या कोपऱ्यावर. पिरॅमिडचं घनफळ पाया गुणिले उंचीच्या एक-तृतीयांश असतं, म्हणजे एका कोपऱ्यात क्ष³/३ आणि चारांत मिळून ४/३ क्ष³.

तिन्हींची बेरीज केली की तळ्यातलं एकूण पाणी:

४/३ क्ष³ + ४८क्ष² + ५७६क्ष

ही झाली बहुपदी. तिच्यात तीन पदं आहेत, आणि जमिनीत बोट दाखवून सांगता येईल की कुठलं पद कुठे आहे. प्रत्येक पदात क्षच्या आधी असलेली संख्या म्हणजे सहगुणक, क्षच्या डोक्यावरची संख्या म्हणजे घातांक. घातांक आहेत ३, २ आणि १. सर्वांत मोठा ३, म्हणून बहुपदीची कोटी ३. क्षच्या जागी ३ घातला तर ३६ + ४३२ + १,७२८ म्हणजे २,१९६ घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर. (तळं कुणी अगदी काठोकाठ भरत नाही, हे आहेच.)

आता या तीन आकड्यांकडे नीट बघा. जी कोटी आपण एवढ्या मानाने सांगितली, ती ज्या पदामुळे मिळाली त्या पदाचं योगदान फक्त ३६ घनमीटर! चार कोपरे मिळून दोन टक्केही पाणी नाही. सगळा भार मधल्या ठोकळ्यावर आहे, आणि त्याचा घातांक तर बिचारा १. मग कोटी कोपऱ्यांवरून का ठरवायची?

कारण कोपऱ्यांची वाढ. पाणी दुप्पट उंच झालं तर मधला ठोकळा दुप्पट होतो, पाचरी चौपट होतात आणि कोपरे आठपट. उंची दहापट केली तर ठोकळा दहापट, पाचरी शंभरपट, कोपरे हजारपट. हेच तळं याच उताराने वर वर नेत राहिलो, तर साधारण २१ मीटर उंचीवर कोपऱ्यांतलं पाणी मधल्या ठोकळ्याइतकं होतं, ३६ मीटरवर ते पाचरींची बरोबरी करतं, आणि साडेपंचेचाळीस मीटरच्या पुढे चार कोपरे मिळून बाकी सगळ्या तळ्यापेक्षा जास्त पाणी धरतात. एवढं खोल शेततळं कुणी काढणार नाही हे मान्य. पण बहुपदीला ते ठाऊक आहे. तीन मीटरच्या खोलीत कारभार कुणाचा, हे सहगुणक सांगतात. चल मोठा होत गेला की शेवटी कारभार कुणाच्या हाती जाणार, हे कोटी सांगते. सहगुणक कितीही लहान असला तरी मोठ्या घातांकाला फक्त वेळ लागतो, हार नाही. १,०००क्ष आणि क्ष² यांची शर्यत लावा: क्ष हजाराच्या खाली असेपर्यंत पहिला पुढे, हजाराला बरोबरी, आणि पुढे दुसरा असा निघतो की पहिला परत कधी त्याला गाठत नाही.

जमीन भुसभुशीत असेल तर उतार एकास एक ठेवून चालत नाही, एकास दीड ठेवतात. मग तोंड तेच असताना तळ आणखी आक्रसून २१ × २१ होतो आणि पाण्याची बहुपदी होते ३क्ष³ + ६३क्ष² + ४४१क्ष. तीन मीटरला १,९७१ घनमीटर. माती बदलली, उतार बदलला, तिन्ही सहगुणक बदलले, पाणी सव्वादोनशे घनमीटर कमी झालं. कोटी मात्र तीनच राहिली, आणि कडांना उतार आहे तोवर ती तीनच राहणार. कडा उभ्या केल्या तर पाचरी आणि कोपरे दोन्ही जातात, नुसता ठोकळा उरतो आणि कोटी एकवर येते. म्हणूनच सिमेंटच्या उभ्या हौदात फूटपट्टी लावून पाणी मोजता येतं आणि शेततळ्यात तसं केलं की फसगत होते.

फसगत केवढी, तेही बघू. एकास एक उताराच्या तळ्यात दीड मीटर पाणी आहे, म्हणजे उंचीने निम्मं. बहुपदीत १.५ घाला: ४.५ + १०८ + ८६४, म्हणजे ९७६.५ घनमीटर. भरलेल्या तळ्याच्या साडेचव्वेचाळीस टक्के. ‘तळं निम्मं आहे’ म्हणून उन्हाळ्याचं गणित मांडणाऱ्याच्या हिशेबातून सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी बसल्या जागी गेलं.

तालुक्याच्या उत्तर कडेला उजनीचा जलाशय आहे. तिथलं पाणी टीएमसीत मोजतात. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, ब्रासच्या भाषेत बरोबर एक कोटी ब्रास (ही संख्येतली कोटी). उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला साडेत्रेसष्टच्या वर मृतसाठा. म्हणून धरण ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी आली तरी खाली बरंच पाणी असतं. नदीचं खोरं शेततळ्यासारखं आखीव नसल्यामुळे उजनीची बहुपदी कोपऱ्यांत बोट ठेवून लिहिता येणार नाही, पण स्वभाव तोच: वरच्या एका मीटरला खालच्या एका मीटरपेक्षा जास्त पाणी बसतं.

शेततळ्यात हे आकड्यांत दिसतं. तळापासून पहिल्या मीटरला ६२५ घनमीटर पाणी लागतं, दुसऱ्याला ७२९, तिसऱ्याला ८४१. आणि कडा याच उताराने आणखी वर नेल्या तर चौथ्याला ९६१. (प्रत्येकात वर एक-तृतीयांश घनमीटर आहे, तो सगळीकडे सारखाच असल्यामुळे सोडून देऊ.) चौकस विद्यार्थ्याला हे २५, २७, २९ आणि ३१ चे वर्ग आहेत हे लगेच दिसेल. त्या त्या मीटरच्या मध्यावर पाण्याच्या चौकोनाची बाजू तेवढीच असते. पण गंमत पुढे आहे. या आकड्यांतले फरक घ्या: १०४, ११२, १२०. त्या फरकांतले फरक घ्या: ८, ८. इथे गाडी थांबली, आकडे स्थिर झाले. मूळच्या एकूण पाण्यापासून मोजलं तर फरक घेण्याच्या तिसऱ्या फेरीत ते स्थिर झाले, आणि बहुपदीची कोटीही तीन. हा योगायोग नाही. चलाची किंमत एकेकाने वाढवत नेली, तर कोटी जेवढी तेवढ्या फेऱ्यांत फरक स्थिर होतातच. म्हणजे सूत्र हाताशी नसतानाही, नुसत्या आकड्यांच्या तक्त्यावरून कोटी ओळखता येते. चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये लंडनमध्ये ज्या ‘डिफरन्स इंजिन’ची कल्पना मांडली, ते यंत्र याच गोष्टीवर चालणार होतं: शेवटचा स्थिर फरक घेऊन उलट बेरजा करत जायचं, गुणाकाराची गरजच नाही.

आता सुरुवातीचे हिशेब बहुपदीत लिहून टाकू. तळ २४ मीटरचा ठेवून क्ष मीटर खोल खणलं तर कुंपणाची लांबी तोंडाच्या परिमितीएवढी, ९६ + ८क्ष: कोटी १, रेषीय बहुपदी. पाण्याचा पृष्ठभाग, ज्यावरून बाष्पीभवन होतं, (२४ + २क्ष)², म्हणजे ४क्ष² + ९६क्ष + ५७६: कोटी २, वर्ग बहुपदी. खोदाई कोटी ३ ची, घन बहुपदी. आणि पोकलेन आणायचं भाडं, समजा दहा हजार? त्यात क्ष कुठेच नाही. तरी ती बहुपदीच आहे, आणि तिची कोटी शून्य, कारण क्षचा शून्यावा घात १ असल्यामुळे १०,००० म्हणजेच १०,०००क्ष⁰. खोली वाढली तरी न हलणारा खर्च. फक्त ० या एकट्या संख्येला, म्हणजे शून्य बहुपदीला, कोटी देता येत नाही: शून्याला क्षच्या कुठल्याही घाताने गुणा, शून्यच येणार, मग सर्वांत मोठा घातांक कुठला म्हणायचा?

पृष्ठभागाच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट घडून गेली. कोटी १ च्या दोन बहुपदी गुणल्या आणि कोटी २ ची मिळाली. गुणाकारात कोटींची बेरीज होते, नेहमी. बेरीज-वजाबाकीत तसं नाही. तिथे मोठी कोटी टिकते, किंवा मोठी पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि कोटी घसरते: (क्ष² + ३क्ष) मधून (क्ष² − ५) वजा केलं की उरतं ३क्ष + ५. आणि चल एकाहून जास्त असतील तर एका पदातल्या घातांकांची बेरीज बघायची. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही बदलत्या असतील तर त्यांचा गुणाकार कोटी ३ चाच.

परीक्षेत मुलं ज्याला हमखास फसतात तो प्रश्न असा: ७⁵क्ष² ची कोटी किती? डोक्यावर पाच बघून ‘५’ लिहिलं जातं. पण सात कुठे बदलतोय? ७⁵ ही एक मोठी संख्या, सहगुणक. कोटी २. वर्गमुळाचंही तेच. आपल्या तळ्याचा उतार एकास एक असल्यामुळे क्ष मीटर उभ्या उंचीला उतारावरून √२ क्ष मीटर कागद लागतो. √२ दिसलं की ‘ही बहुपदी नाही’ असं लिहायची घाई होते. वर्गमूळ २ चं आहे, क्षचं नाही, तेव्हा ही बिनतक्रार कोटी १ ची बहुपदी.

क्षच वर्गमुळात सापडला तर मात्र गोष्ट वेगळी. तळाशी पाइप बसवून पाणी सोडलं तर ते बाहेर पडण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने हे सतराव्या शतकात दाखवलं. खोली चौपट असेल तेव्हा वेग दुप्पट. वर्गमूळ म्हणजे घातांक १/२, आणि बहुपदीत घातांक पूर्ण संख्याच लागतात, म्हणून हा नियम बहुपदीच्या बाहेर. भरलेल्या तळ्यातून रोज क्ष घनमीटर उपसलं तर पाणी २,१९६/क्ष दिवस पुरेल. क्ष छेदात, घातांक −१, हीसुद्धा बहुपदी नाही. आणि तळ्याच्या कागदासाठी काढलेल्या कर्जावर चक्रवाढ व्याज असेल, तर वर्षांची संख्या स्वतःच घातांकात जाऊन बसते. तिथे कुठल्याही कोटीची बहुपदी शेवटी मागे पडते, हे कर्जदाराला गणिताशिवायही कळतं.

बहुपदी कोटीप्रमाणे मांडून ठेवायची शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकातला पृथूदकस्वामी, ब्रह्मगुप्ताचा टीकाकार, समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहायचा: वर ‘याव ० या १० रू ८’, खाली ‘याव १ या ० रू १’. या म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. याव म्हणजे त्याचा वर्ग. रू म्हणजे नुसती संख्या. आणि वरच्या आठावर ऋण दाखवणारा ठिपका. आजच्या भाषेत १०क्ष − ८ = क्ष² + १. जी पदं नाहीत तिथे त्याने शून्य घातलं आहे, म्हणजे प्रत्येक कोटीला तिची ठरलेली जागा. नववीच्या पुस्तकात यालाच सहगुणक रूप म्हणतात, आणि तिथेही मुलं नेमकं ते शून्य लिहायचं विसरतात.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. बीजगणित हा त्याचाच भाग. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. बीजगणितात कोटी ३ चा एक प्रश्न येतो: एक संख्या, तिच्या बारापटीत तिचा घन मिळवला तर तिच्या वर्गाच्या सहापटीत ३५ मिळवल्याइतकं होतं. क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. वर्गसमीकरणासारखा ठरीव नियम इथे नाही. भास्कराचार्य ६क्ष² डावीकडे नेतात, दोन्ही बाजूंतून ८ वजा करतात, आणि डावी बाजू (क्ष − २) चा पूर्ण घन होते, उजवीकडे राहतात २७. म्हणजे क्ष − २ = ३, क्ष = ५. दर घन समीकरण असं सरळ वागत नाही. हे वागेल असं निवडलेलं आहे.

शेततळ्याचं समीकरणही याच जातीचं निघतं. आपली बहुपदी पाऊणपट केली की होते क्ष³ + ३६क्ष² + ४३२क्ष. तिच्यात १,७२८ मिळवा, (क्ष + १२) चा पूर्ण घन तयार. आता ‘खरंखुरं निम्मं’ तळं, म्हणजे १,०९८ घनमीटर, किती उंचीवर? १,०९८ ची पाऊणपट ८२३.५, त्यात १,७२८ मिळवून २,५५१.५. याचं घनमूळ सुमारे १३.६६, त्यातून १२ गेले: १.६६ मीटर. याच रीतीने पाव तळं ८९ सेंटिमीटरवर येतं आणि पाऊण तळं २.३६ मीटरवर. खुणा मात्र कागदावर करायच्या, आणि कागद उतारावर आहे, तेव्हा प्रत्येक उंचीला √२ ने गुणायला हवं. तळाच्या कडेपासून उताराने टेप धरत जायचं: १.२५ मीटरवर पावाची खूण, २.३५ वर निम्म्याची, ३.३४ वर पाऊणची.